विश्लेषण : चॅटबॉटने ‘अस्सल कोल्हापुरी’ लिहिले, म्हणून चप्पल अस्सल ठरते का?

कोल्हापुरी चपलेचे गिऱ्हाईक आता चप्पल लाईनमध्ये पाऊल ठेवण्याआधी मोबाइलवर शोधाशोध करते. त्यामुळे दुकानाच्या पाटीइतकेच महत्त्व ऑनलाइन वर्णनाला आले आहे. हे वर्णन लिहायला माणूस ठेवण्यापेक्षा चॅटजीपीटी किंवा जेमिनायला सांगणे सोपे आणि बहुतेक वेळा फुकटही. पण त्या मजकुरात चूक असेल तर निस्तरायची कोणी? आणि असा मजकूर गूगलवर खरोखर वर येतो का?

वर्णनातल्या शब्दांना इतके महत्त्व का?

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे सादर केली, तेव्हा वादाचे मूळ चपलेच्या आकारापेक्षा तिच्या वर्णनात होते. कंपनीने त्यांना चामड्याची पादत्राणे म्हटले. कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. टीकेनंतर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकातील ‘लिडकार’ या दोन चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करारही केला.

एका शब्दाच्या अभावाने हे घडले. उलट बाजूने, तोच शब्द नको तिथे लावला तरी नुकसान कारागिराचेच होते. रेक्झिनच्या चपलेखाली ‘अस्सल हस्तनिर्मित कोल्हापुरी’ असे लिहिले गेले, की हाताने वेणी घालणाऱ्याची चप्पल महाग वाटू लागते. पूर्वी असे वर्णन लिहायला निदान थोडा वेळ लागे. आता ते काही सेकंदांत तयार होते.

चॅटबॉट नेमके काय करतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर जेमिनाय, कोपायलट, क्लॉड अशी साधने लोकांच्या हाती आली. इंटरनेटवरचा आणि इतर प्रचंड मजकूर वाचून, एका शब्दानंतर दुसरा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ही साधने शिकलेली असतात. त्यामुळे वाक्ये गुळगुळीत येतात. पण समोरच्या दुकानातली चप्पल त्यांनी पाहिलेली नसते.

समजा, एखाद्या दुकानदाराने ‘कोल्हापुरी चपलेचे वर्णन लिही’ एवढेच सांगितले. उत्तरात परंपरा, वारसा, टिकाऊपणा, आराम आणि कारागिरी हे शब्द हमखास येतील. मात्र हेच वर्णन शेजारच्या दुकानालाही चालेल आणि दिल्लीत बसून यंत्रावर केलेला माल विकणाऱ्यालाही. तळ किती थरांचा आहे, शिलाई कशाची आहे, वजन किती, कोणत्या मापात मिळते, पहिले काही दिवस चावते का, हे गिऱ्हाईकाचे प्रश्न तसेच राहतात.

चुका कुठे होतात?

पहिली चूक भूगोलाची. कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरात बनते, असे मजकुरात सहज येते. प्रत्यक्षात २०१९ मध्ये जाहीर झालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

दुसरी चूक कच्च्या मालाची. पारंपरिक चपलेसाठी बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे वापरतात. चॅटबॉटला हे साधारण माहीत असते, म्हणून तो प्रत्येक चपलेला ते लागू करतो. रबरी तळाच्या आणि रंगीत फोमच्या चपलेलाही!

तिसरी चूक वापराची. ‘कोणत्याही ऋतूत वापरा’ असे वाक्य विक्रीला बरे वाटते. पण वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याच्या चपला पावसात भिजवायच्या नसतात, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला ते ठाऊक नसेल, तर जुलैमध्ये चप्पल परत येते आणि सोबत एक तारा असलेला अभिप्रायही.

चौथी चूक प्रकारांच्या नावांची. कापशी, पायताण, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी ही नावे एकमेकांऐवजी वापरली जातात. जाणकार गिऱ्हाईक तिथेच पान बंद करते.

चुकीच्या दाव्याची जबाबदारी कोणाची?

ज्याच्या नावाने माल विकला जातो, त्याची. चॅटबॉट बनवणाऱ्या कंपन्या उत्तरांत चुका असू शकतात, तपासून घ्या, असे स्वतःच सांगतात. ‘मजकूर एआयने लिहिला होता’ हे सांगून विक्रेत्याची सुटका होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जीआयचा खोटा वापर हा भौगोलिक मानांकन कायदा, १९९९ खाली वेगळा विषय ठरतो. आठ जिल्ह्यांत चप्पल बनवणाऱ्यालाही ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात नोंद करता येते. अशी नोंद नसताना वर्णनात ‘जीआय प्रमाणित’ हे शब्द चॅटबॉटने घातले असतील, तर ते आधी काढावेत.

एआयने लिहिलेला मजकूर गूगल मागे टाकते का?

केवळ एआयने लिहिला म्हणून नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने स्पष्ट केले, की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे का, हे पाहिले जाईल. मार्च २०२४ मध्ये मात्र नियम कडक झाले. शोधनिकालात वर येण्याच्या एकमेव हेतूने ढीगभर पाने तयार करणे हा स्पॅमचा प्रकार ठरवला गेला, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

‘पुण्यात कोल्हापुरी चप्पल’, ‘नाशिकमध्ये कोल्हापुरी चप्पल’, ‘नागपुरात कोल्हापुरी चप्पल’ अशी फक्त गावाचे नाव बदललेली शंभर पाने चॅटबॉट तासाभरात करून देईल. अशी पाने साइटला वर नेण्याऐवजी संपूर्ण साइटच खाली खेचू शकतात. त्यापेक्षा प्रत्येक प्रकाराचे एक नीट पान, त्यात स्वतः काढलेले फोटो आणि खरी मापे, हे जास्त उपयोगी ठरते. मजकुरामागे प्रत्यक्ष अनुभव आहे का, या मुद्द्याचा समावेश गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या गुणवत्ता निकषांत केला. चप्पल बनवणाऱ्याकडे हा अनुभव असतोच. तो पानावर उतरत नाही, एवढीच अडचण असते.

कीवर्ड चॅटबॉटला विचारावेत का?

सुचवायला सांगावेत, पण आकडे विचारू नयेत. ‘हा शब्द महिन्याला किती लोक शोधतात’ असे विचारल्यावर चॅटबॉट आत्मविश्वासाने एखादा आकडा देऊ शकतो. त्याला आधार असेलच असे नाही. त्यासाठी गूगल सर्च कन्सोल आणि गूगल ट्रेंड्स ही मोफत साधने आहेत. कोणत्या शब्दांवरून लोक आपल्या साइटवर आले, हे सर्च कन्सोल दाखवते. ट्रेंड्समध्ये लग्नसराई किंवा दिवाळीच्या सुमारास शोध कसा चढतो, ते कळते.

वेबसाइटच्या कोडमध्ये कीवर्डची लांबलचक यादी घालण्याचा सल्ला अजूनही काही जण देतात, चॅटबॉटही देतो. गूगल त्या यादीकडे पाहत नसल्याचे कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

मराठीत लिहून घेताना काय अडते?

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर आहे, पण इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानाने थोडा आहे. इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख आहेत, मराठीत सुमारे १ लाख. शिकायला मजकूर कमी, म्हणून चॅटबॉटच्या मराठीला अनेकदा भाषांतराचा वास येतो. ‘आरामाचा अनुभव घ्या’, ‘आपल्या शैलीला उंचवा’ असली वाक्ये कोल्हापुरात कोणी बोलत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. चप्पल बनवणाऱ्याला पाच मिनिटे बोलू द्यावे आणि मोबाइलवर ते रेकॉर्ड करावे. कान कसा लावतात, वेणी कशी घालतात, एका जोडाला किती वेळ लागतो, तेल कधी लावायचे. बोललेले शब्द टाइप करून घेतले, की ‘यातलीच माहिती वापर, नवीन काही घालू नकोस, बोलीतले शब्द बदलू नकोस’ असे चॅटबॉटला सांगावे. मांडणी आणि शुद्धलेखन तो चांगले करतो. मूळ माहिती मात्र कारागिराचीच राहते.

गिऱ्हाईक देवनागरीत शोधते, रोमन लिपीत शोधते आणि बोलूनही शोधते. त्यामुळे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन वेगळी वर्णने करून घेता येतात. तिन्ही भाषांत मापे, किंमत आणि परतीचे नियम जुळतात का, ते मात्र माणसाने पाहावे.

प्रसिद्ध करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रत्येक आकडा, ठिकाणाचे नाव आणि ‘शंभर टक्के’, ‘एकमेव’, ‘प्रमाणित’, ‘अस्सल’ हे शब्द. प्रत्येकासाठी एकच प्रश्न : गिऱ्हाईकाने पुरावा मागितला तर आहे का? नसेल तर ते वाक्य काढावे. एआयने बनवलेला चपलेचा फोटो टाळावा. त्यातली वेणी आणि खोक्यातून निघालेली वेणी सारखी नसते. गिऱ्हाईकांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक असलेली यादी चॅटबॉटमध्ये टाकू नये.

उत्तर गूगलच देऊ लागले तर वेबसाइट हवी कशाला?

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगलच्या शोधात वरच एआयने तयार केलेले उत्तर दिसू लागले. त्यामुळे काही गिऱ्हाइके साइट न उघडताच परततात. पण हे उत्तरही कुठल्या तरी पानांवरूनच तयार होते, आणि त्यात दिसण्यासाठी वेगळे तांत्रिक सोपस्कार लागत नसल्याचे गूगल सांगते. ‘एआयमध्ये तुमचे दुकान वर आणतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

बनावट मालाला आळा घालण्यासाठी लिडकॉमने कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोडची सोय आणली आहे. कोड स्कॅन केला, की जोड कोणी आणि कोणत्या जिल्ह्यात बनवला, याची माहिती मिळते. दुकानाच्या वर्णनात ‘अस्सल’ लिहायचेच असेल, तर त्या शब्दाच्या शेजारी हा कोड किंवा बनवणाऱ्याचे नाव-गाव द्यावे. ते चॅटबॉटला माहीत नसते. विक्रेत्यालाच लिहावे लागते.