विधी स्वयंसेवकाचे पहिले धडे

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकापुढे गर्दी होते ती दोनच प्रसंगी. परीक्षेचे वेळापत्रक लागते तेव्हा आणि शिष्यवृत्तीची यादी लागते तेव्हा. एरवी तेथले कागद ऊन खाऊन पिवळे पडतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कागदावर माझी नजर गेली. तालुका विधी सेवा समितीला विधी स्वयंसेवक हवे होते. शिक्षण दहावी पुढे, वाचता-लिहिता येणे आवश्यक, प्रशिक्षण विनामूल्य. बी. ए. नंतर काय, हा प्रश्न घरी दर रविवारी निघत असल्यामुळे मी अर्ज करून टाकला.

घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "चार दिवसांत वकील करून सोडणार का तुला?" आजीने शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ऐकवली. दोघांचेही थोडे चुकले, थोडे बरोबर होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम शब्दाचा उलगडा करते. इंग्रजीत ज्याला 'पॅरालीगल' म्हणतात तो वकील नसतो. वकिलाच्या शेजारी उभे राहून कायद्याचे काम करणारा माणूस असतो. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथील वकिलांच्या संघटनेने 1968 मध्ये या मदतनीसांचा विचार करण्यासाठी खास समिती नेमली आणि पुढे त्यांचे रीतसर अभ्यासक्रम निघाले. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या मोठ्या वकिली कंपन्यांत कागदपत्रे लावणारे, दाखले शोधणारे, मसुदे तपासणारे पगारी पॅरालीगल असतात. पण तालुक्याच्या गावी हा शब्द ऐकू येतो तो निराळ्या अर्थाने. येथे तो 'विधी स्वयंसेवक' आहे आणि त्याचे मूळ आपल्या राज्यघटनेत आहे.

घटनेत 1976 साली 42 वी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीबद्दल आमच्या वर्गात पुष्कळ वाद झाले आहेत, परंतु तिच्यातूनच अनुच्छेद 39-क आला हे मला प्रशिक्षणात गेल्यावर प्रथम नीट समजले. पैसा नाही म्हणून कोणी न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी शासनाने मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे, असे तो अनुच्छेद सांगतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 साली झाला, मात्र अमलात यायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडले. या कायद्याखाली देशात, राज्यात, जिल्ह्यात प्राधिकरणे आणि तालुक्यात समित्या आहेत. 2009 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आणली. कोर्टाच्या इमारतीपर्यंत जो माणूस पोचतच नाही त्याच्यापर्यंत आपणच जावे, हा तिचा हेतू.

पहिल्या दिवशी आम्ही बावीस जण होतो. दोन अंगणवाडी सेविका, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक बस वाहक, बचत गटाच्या काही बाया आणि आम्ही चार विद्यार्थी. शिकवायला समितीच्या पॅनेलवरील वकील, एक निवृत्त तलाठी आणि महिलांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या एक अधिकारी बाई. मला वाटले होते की कलमे पाठ करावी लागतील. वकील महाशयांनी पहिल्याच तासाला फळ्यावर एकच शब्द लिहिला : पोच.

मग त्यांनी एक खटला सांगितला. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र शासन, 1978. हे गृहस्थ प्राध्यापक वर्गातले. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने 1973 मध्ये त्यांची शिक्षा वाढवून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयात ते आले ते जवळजवळ चार वर्षे उशिरा. शिक्षा तोवर भोगून झाली होती. उशीर का, तर निकालाची प्रत मिळालीच नाही असे त्यांचे म्हणणे. प्रत येरवड्याच्या तुरुंगाधिकाऱ्यांकडे पाठवली होती, पण कैद्याच्या हाती पडली याबद्दलची त्याची सही दप्तरात कोठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांची मूळ मागणी काही मान्य केली नाही. मात्र त्या निकालात सांगितले की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर व फुकट मिळाली पाहिजे, तिची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि ज्याला वकील करणे शक्य नाही त्याला अपिलासाठी वकील देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. खोट्या पदव्यांच्या प्रकरणातून खऱ्या कैद्यांचे एवढे भले व्हावे, याची मला गंमत वाटली. पण वकील महाशयांचा रोख निराळा होता. "एक सही नव्हती," ते म्हणाले, "त्यावर केवढे रामायण झाले पाहा. तुम्ही तलाठ्याकडे अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही."

त्यानंतर अर्जलेखन. या विषयात आपण पहिल्या येऊ अशी माझी खात्री होती, कारण निबंधाला मला नेहमी चांगले गुण पडतात. एका विवाहितेची हकीकत तोंडी सांगून तिच्या वतीने अर्ज लिहायला दिला. मी "नियतीच्या क्रूर थट्टेला बळी पडलेली ही अबला" अशी सुरुवात केली. अधिकारी बाईंनी लाल पेनाने पहिला परिच्छेद सबंध काटला. त्या म्हणाल्या, "नियतीला समन्स काढता येत नाही. कोणी, केव्हा, कोठे, काय केले ते लिही. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत. तुला काय वाटले ते घरी जाऊन वहीत लिही." दुसरा अर्ज मी अकरा ओळींत लिहिला. तो पास झाला. तीन वर्षांत निबंधाच्या तासाला जे शिकले ते विसरायला मला एक दुपार पुरली, असे म्हटले तर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

कलमे अगदीच शिकवली नाहीत असे नाही. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा 1973 चा कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आम्हाला दिलेली पुस्तिका जुनी असल्यामुळे आकडे खोडून समासात नवे लिहिण्यात एक तास गेला. प्रथम खबर, म्हणजे एफ.आय.आर., पूर्वी कलम 154, आता 173. पत्नी, मुले, आईवडील यांच्या पोटगीचे कलम 125 आता 144. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आहे आणि खबर देणाऱ्याला तिची प्रत फुकट द्यायची आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे.

मोफत वकील कोणाला मिळतो, हे मात्र प्रत्येकाने समजून घ्यावे, कारण याबद्दल गावात फार गैरसमज आहेत. पुष्कळांना वाटते की त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे खरी, पण ती सर्वांना नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, आपत्तीत सापडलेले लोक, यांना उत्पन्न कितीही असले तरी हा हक्क आहे. माझ्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सरपंचबाईंनासुद्धा?" होय, त्यांनासुद्धा.

आणि काय करायचे नाही, याचीही यादी होती. अमुक वकिलाकडेच जा असे सांगायचे नाही. पैसे, नारळ, भाजीची जुडी, काही घ्यायचे नाही. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स घ्यायची. घरातले ऐकलेले पारावर बोलायचे नाही. कोर्टात बाजू मांडायची नाही, ते काम वकिलाचे. आणि "तुम्ही नक्की जिंकाल" हे वाक्य कधीही उच्चारायचे नाही. लोकअदालतीत तडजोड करायला निघालेल्या माणसाला तर आधीच बजावायचे की तेथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्यावर अपील नाही. सही करण्यापूर्वी घरी विचार करून या, म्हणावे.

एवढे शिकूनही मी चुकले. ते न सांगता लेख संपवणे मला प्रशस्त वाटत नाही.

ओळखपत्र मिळाल्यावर दर शनिवारी एका ग्रामपंचायतीच्या खोलीत मी बसू लागले. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी एक मावशी आल्या. पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढून म्हणाल्या, "पोरी, ह्यात माझं नाव हाय का बघ गं." तो फेरफाराचा उतारा होता. वडील वारल्यावर जमिनीला वारसांची नावे लागली होती, तिन्ही भावांची. मावशींचे नव्हते. भावांनी दिलेल्या वारसांच्या यादीत बहीणच नव्हती, आणि अशी नोंद होत असल्याची नोटीस मावशींना आलेली नव्हती.

माझ्या अंगात वीरश्री संचारली. 1956 च्या कायद्यानेच मुलगी ही वडिलांची पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि साऱ्या देशाने 2005 साली दिला. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. हे सर्व मी मावशींना तासभर समजावले. त्या हरखून ऐकत होत्या. मग म्हटले, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तुमचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, सगळे गोळा करा आणि सवडीने पुढच्या महिन्यात या.

पुढच्या महिन्यात त्या आल्या, एकूण एक कागद घेऊन. त्यांना घेऊन मी पॅनेलच्या वकिलांकडे गेले. त्यांनी ना 1994 विचारले, ना 2005. विचारले एवढेच, "उतारा हातात कधी पडला?" कागदाच्या पाठीवर तारीख होती. मी ती पाहिलीच नव्हती. मंडल अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या नोंदीवर प्रांताकडे अपील करायचे तर तो निर्णय हाती आल्यापासून 60 दिवसांची मुदत असते. मावशी प्रथम माझ्याकडे आल्या तेव्हा ती शिल्लक होती. आता संपून अकरा दिवस झाले होते.

वकील रागावले नाहीत. त्यांनी सांगितले की फेरफाराने मालकी ठरत नाही, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात मांडता येतोच. शिवाय पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. पण तेवढ्या अवधीत त्या सातबाऱ्यावर भावांनी कर्ज काढले वा जमीन विकली तर मावशींचे काम दसपट अवघड होणार होते. विलंब माफीच्या अर्जात कारण लिहायचे होते. मावशी चटकन म्हणाल्या, "लिवा की, अडाणी बाई, तिला कळलं न्हाई म्हणून." त्या माझ्याकडे पाहातही नव्हत्या.

मी सांगितले की ते खरे नाही. त्या कागद घेऊन वेळेत आल्या होत्या, मुदत मी सांगितली नाही. वकिलांनी जरा विचार केला आणि तेच लिहिले. त्या अर्जासोबत माझे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. आयुष्यातले माझे पहिले प्रतिज्ञापत्र. त्यात एकही विशेषण नाही.

उशीर माफ झाला. अपील अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगणार नाही, कारण ते वाक्य उच्चारायचे नाही. त्या दिवसापासून माझ्यासमोर कोणताही कागद आला की मी आधी तो उलटा करते.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळते. चार दिवसांत वकील होत नाही. विधी स्वयंसेवक ही नोकरीसुद्धा नव्हे. ज्या दिवशी काम नेमून दिलेले असेल त्या दिवसाचे मानधन मिळते, पगार नाही, आणि त्यावर घर चालवण्याची स्वप्ने कोणी पाहू नयेत. ज्यांना हा व्यवसाय करायचा आहे त्यांनी पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ची प्रवेश परीक्षा द्यावी. त्या अभ्यासाला या कामाचा उपयोग होईल, असे मला वाटते. आमच्यातले बस वाहक मात्र म्हणतात की त्यांना वकील व्हायचेच नाही. रोज गाडीत कोणी ना कोणी तारखेला निघालेला असतो, त्याला कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगता आले म्हणजे झाले. त्यांचेही बरोबर आहे.

समितीचे कार्यालय तालुका न्यायालयाच्या आवारातच असते. निवड सुरू असेल तेव्हा अर्ज, दहावीची गुणपत्रिका, रहिवासाचा पुरावा आणि दोन छायाचित्रे घेऊन जावे. कोणाला स्वतःसाठीच मदत हवी असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक विनाशुल्क आहे. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर काय घ्यायचे ते वर सांगितलेच आहे.