तलाव सर्वांचा, गाळ कोणी काढायचा?

जबलपूरच्या ज्या भागात मी राहतो, त्याचे नाव चेरीताल. राणी दुर्गावतीच्या दासीने, म्हणजे चेरीने, येथे तलाव बांधला, अशी आख्यायिका आहे. आज ताल नावापुरता उरला असून जागेवर वस्ती आहे. बांधणाऱ्याची आठवण लोक ठेवतात. देखभालीची तजवीज मात्र क्वचितच होते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येते अशा संगणक प्रणालींची, अवस्था फारशी वेगळी नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये त्यांच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली अशाच साधनांवर उभी असून ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने विकसित केली. परवाना शुल्क वाचले, हे खरेच. परंतु त्यामागील कार्यसंस्कृती आपण कितपत आत्मसात केली?

शेजारच्या एका विद्यार्थ्याने परवा मला अशा एका प्रकल्पाने नाकारलेली आपली दुरुस्ती दाखवली. ‘‘काका, कारण तर वाचा,’’ तो उत्साहाने म्हणाला. कोणा अनोळखी परदेशी व्यक्तीने त्याची चूक सविस्तर, सर्वांना दिसेल अशी नोंदवली होती. प्रत्येक बदलापुढे नाव, तारीख, कारण. फायलीवरील टिपणीची आमची रीत हीच होती. मात्र आमची फाइल नागरिकांच्या दृष्टीआड राही.

या व्यवस्थेचा भार मोजक्या खांद्यांवर आहे. ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरवाट पेरल्याचे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. त्याची देखभाल मुख्यतः एक थकलेला स्वयंसेवक करीत होता. मदतीच्या मिषाने दीर्घकाळ विश्वास संपादन करून कोणीतरी आत शिरले. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हेरले, म्हणून अनर्थ टळला.

जर्मनीने २०२२ मध्ये अशा साधनांच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्याकडेही प्रत्येक खात्याने वापरातील मुक्त स्रोत साधनांची यादी ठेवावी, वाचलेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा देखभालीस द्यावा आणि सरकारी अभियंत्यांना आपल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याची स्थायी अनुमती असावी. पाणी नेणारे अनेक आणि गाळ काढणारा कोणीच नाही, अशा तलावाचे भवितव्य सांगण्यास इतिहासकार लागत नाही.