कार्यालयातील संगणक व त्याचे अर्थिंग

गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचे दप्तर आता खतावणीतून संगणकात येत आहे. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्र सरकारने २०२२ साली मान्यता दिली. ग्रामपंचायतींत तर संगणक त्याआधीच आला होता. संगणक आला, प्रिंटर आला, यूपीएस आला. परंतु ज्या खोलीत ही सामग्री मांडली जाते ती खोली पुष्कळ ठिकाणी जुनीच असते, आणि तिचे वायरिंग दोन दिवे व एक पंखा एवढ्यापुरते केलेले असते. अशा खोलीत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. ते नसले तरी संगणक चालतो. त्यामुळे त्याची उणीव सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

झिणझिण्या कशामुळे येतात ?

संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लागताच बोटांना झिणझिण्या येतात, टेस्टर लावल्यास तो मंद पेटतो, असा अनुभव अनेकांना येतो. ह्यात यंत्राचा बिघाड असतोच असे नाही. वीजप्रवाहातील अडथळे गाळण्यासाठी पेटीच्या आत लहान कपॅसिटर बसविलेले असतात. ते फेज व न्यूट्रल ह्या दोहोंपासून पेटीला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना असते. ती तार जोडलेली नसेल तर पेटीवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे केवळ झिणझिण्यांवर निभावते. तथापि ही एक सूचना आहे. उद्या आतील फेजचे आवरण झिजून ती पेटीला टेकली, तर पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला, कर्जखात्याचा उतारा मागण्यास आलेला शेतकरीच त्या प्रवाहाची वाट होईल.

नळ पुरला, एवढ्याने भागत नाही

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा जमिनीत लोखंडी नळ पुरलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो नळ प्रवाहास किती रोध करतो, हा खरा प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर जमिनीच्या जातीवर अवलंबून असते. अडीच मीटर लांबीचा नळ ओलसर काळ्या जमिनीत सुमारे १० ओहम रोध दाखवील. तोच नळ कोरड्या मुरमात १०० ओहम किंवा त्याहून अधिक रोध दाखवू शकेल.

ह्याचा हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला १० ने भागले असता २३ अँपिअर येतात. ६ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळू शकतो, जरी तत्क्षणी नव्हे. परंतु १०० ने भागले असता केवळ २.३ अँपिअर येतात. एवढ्याने फ्यूज वितळत नाही, एमसीबीही पडत नाही, आणि अर्थिंग असूनही पेटीवर जवळजवळ पूर्ण दाब कायम राहतो.

यास्तव अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे अत्यावश्यक आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, की हा स्विच एका सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडतो. त्यास २.३ अँपिअर पुष्कळ झाले. अर्थिंग नसेल तर हा स्विच माणसाला झटका बसल्यावर पडतो. अर्थिंग असेल तर पेटीवर वीज येताच, कोणाचा हात लागण्यापूर्वीच पडतो. ही दोन्ही साधने एकमेकांस पूरक आहेत, हे विसरू नये.

बल्बची परीक्षा अपुरी

फेज व अर्थिंग ह्यांमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून तो पेटला की अर्थिंग उत्तम, असे समजण्याची प्रथा आहे. हा बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. त्यामुळे १०० ओहमच्या निकृष्ट अर्थिंगवरही तो किंचित मंद, पण पेटतोच. सबब रोधाचे मापन अर्थ टेस्टरनेच करवून घ्यावे, आणि तेही भर उन्हाळ्यात. विहिरीचे खरे पाणी जसे वैशाखात कळते, तसाच अर्थिंगचा खरा कसही जमीन सुकल्यावरच कळतो.

तीन घातक सोयी

पहिली : बोर्डाच्या आत तारेचा तुकडा घालून अर्थिंगचे छिद्र न्यूट्रलला जोडणे. वादळात खांबावरील न्यूट्रल तुटली, अथवा दुरुस्तीच्या वेळी फेज व न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर त्या बोर्डावरील प्रत्येक लोखंडी पेटी वीजभारित होते.

दुसरी : अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला बांधणे. जमिनीखालील नळ आता बहुधा पीव्हीसीचे असतात. वरची लोखंडी तोटी जमिनीशी जोडलेलीच नसते. वीज मात्र तोटीवर येते.

तिसरी : तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावणे. वरची जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती आधी जुळावी व शेवटी सुटावी म्हणूनच लांब ठेवलेली आहे. यूपीएसचा प्लग असा लावला, तर त्यावरील सर्व यंत्रांचे अर्थिंग एकदम तुटते.

करावयाची कामे

परवानाधारक वायरमनकडून ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड नळ, भिंतीपासून किमान दीड मीटर दूर, सांडपाण्याची ओल राहील अशा जागी पुरून घ्यावा. मिठाने रोध घटतो; परंतु मीठ पावसाने वाहून जाते व लोखंडही खाते. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. मुरमाड जागी पाच मीटर अंतरावर दुसरा नळ पुरून दोन्ही जोडल्यास रोध जवळजवळ निम्मा होतो. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत अखंड न्यावी. आरसीसीबीवरील चाचणीचे बटन दरमहा दाबून पाहावे. तो पडला नाही तर बदलावा. मेन स्विच बंद केला तरी यूपीएस वीज देत राहतो, हे ध्यानी ठेवून तारांना हात लावण्यापूर्वी तोही बंद करावा. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास प्लग व इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. त्या संकटापासून केवळ अर्थिंग यंत्र वाचवू शकत नाही.

विहिरीवरील मोटार व स्टार्टरची लोखंडी पेटी ह्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. तेथे तर पाय बहुधा चिखलातच असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्थ टेस्टर घेऊन येणाऱ्या वायरमनला कार्यालयापुरतेच न थांबविता गावातील विहिरींवरही न्यावे, आणि प्रत्येक ठिकाणचा रोध तारखेसह नोंदवहीत लिहून ठेवावा. पुढील उन्हाळ्यात तोच आकडा वाढलेला दिसला, तर दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करता येईल.