एका डबक्याचं वर्ष

कास पठारावरचे माझे सुरुवातीचे फोटो आज काढून बसलो की त्यांत बारा महिने सप्टेंबरच दिसतो. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, मागे धुकं. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 स्थळांपैकी एक म्हणून कासला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि हेच रंग घरोघरी पोचले. त्या फोटोंत खोटं काही नाही, पण पठार त्यांत फार थोडं आहे. मला कास उमगायला लागलं ते रंग सोडून पाण्यामागे जाऊ लागल्यावर.

वर कठीण जांभा, त्यावर मातीचा पातळ थर. पावसाचं पाणी मुरत नाही, ते खळग्यांत साचतं. कुठे बोटभर, कुठे गुडघाभर. खोली बदलली की फूल बदलतं.

जूनमध्ये मान वायतुऱ्याचा. उन्हाळाभर त्याचा कंद मातीत दबून असतो आणि डबकं भरताच दुहेरी तुरा पाण्यावर येतो. या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन झालं ते थेट 1982 मध्ये. सह्याद्रीबाहेर ती कुठेच नाही. ती टिपायची तर कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आणावा लागतो. उभ्यानं घेतलेल्या फोटोत नुसतं चकाकतं आभाळ येतं. पोलरायझर लावला की चकाकी उतरते आणि पाण्याखालची पानं दिसू लागतात.

श्रावणातले आठवडे मात्र मला सगळ्यांत प्रिय. पाणी झिरपत राहणाऱ्या कातळावर सीतेची आसवं उमलतात, शेजारी गेंदाचे पांढरे गोंडे. नखाएवढी ती निळी-जांभळी फुलं पाहून त्यांच्या शिकारीची कल्पनाही येत नाही. सततच्या पावसानं मातीतलं नत्र धुऊन जातं, ती तूट ही झाडं जिवांवर भागवतात. मातीखाली इवल्या पिशव्या असतात. तोंडावरच्या केसांना एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो क्षणार्धात आत ओढला जातो. फूल आणि पिशवी एकाच चौकटीत हवी तर रोप उपटावं लागेल. ते मी कधीच केलं नाही, करणारही नाही. दवबिंदू या वनस्पतीची शिकार उघड्यावर असते. तिचे चिकट थेंब तिरप्या उन्हात अप्रतिम येतात. पण ऑगस्टमध्ये कासला ऊन मिळणं हेच नशीब.

पठारावरच्या तळ्यातली कुमुदिनी मात्र सकाळीच गाठावी. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांवरची झालर इतकी नाजूक, की भर दुपारच्या उन्हात तिचा एक धागाही फोटोत उरत नाही.

ऑक्टोबरात पाणी ओसरतं आणि ओलसर खोलगट जागा जांभळ्या मंजिरीनं भरतात. तिथून पुढे कॅमेरे खाली उतरतात. मी मात्र मे महिन्यातही त्याच डबक्यांपाशी जाऊ लागलो. काळा कातळ, भेगाळलेली माती, बाकी काही नाही. बाहेरच्याला ती पडीक जमीन वाटेल आणि कुणी तिथे बेधडक गाडीही घालेल. पण कंद आणि बिया याच मातीत असतात. म्हणून वायतुऱ्याच्या फोटोशेजारी मी मेचा फोटो लावतोच, आणि पाहणाऱ्याला आधी तो दाखवतो.

एकच डबकं, एकाच दगडापासून, दर मोसमात टिपत गेल्यानं आणखी एक गोष्ट हाती आली. मधल्या काळात पठाराला तारेचं कुंपण पडलं, गुरं आत येईनाशी झाली. चराई थांबली की उंच गवत माजतं आणि बोटभर उंचीच्या फुलांचं ऊन हिरावून घेतं, हा मुद्दा आसपासच्या गावांतली माणसं आणि अभ्यासक दोघेही मांडत आले. पुढे कुंपण निघालं. गर्दीपासून फुलं राखायलाच हवीत, पण गुरांना माणसांच्याच रांगेत बसवणं मला पटत नाही. फुलांसाठी काढलेले जुने फोटो मी आता काठावरचं गवत किती चढलंय ते पाहायला उघडतो. त्या दगडापासूनचे फोटो येत्या जूनपासून पुन्हा सुरू होतील, आणि या वेळी चौकटीत गवताच्या उंचीसाठी एक मोजपट्टीही असेल.