रॅम भरलेली दिसली, तरी घाबरू नका

फोन मंदावला की अलीकडच्या अ‍ॅप्सची यादी उघडून एकेक अ‍ॅप सरकवून टाकायची सवय अनेकांना आहे. बहुतेक वेळा ती निरुपयोगी ठरते. अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभं आहे आणि रिकामी रॅम त्याच्या लेखी वाया गेलेली जागा असते. नुकतंच वापरलेलं अ‍ॅप ते रॅममध्ये राखून ठेवतं, म्हणजे पुन्हा उघडताना वेळ वाचतो. जागा कमी पडली की कमी गरजेचं अ‍ॅप ते स्वतःच बंद करतं. आपण सतत बंद केलेलं अ‍ॅप मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं आणि त्यात प्रोसेसर, बॅटरी दोन्ही जास्त खर्च होतात.

२०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये ‘डोझ’ आलं. पडून असलेल्या फोनमधली अ‍ॅप्सची कामं ते रोखून धरतं. २०१७च्या अँड्रॉइड ८ने पार्श्वभूमीतल्या कामांवर आणखी बंधनं घातली. त्यामुळे ‘रॅम बूस्टर’ म्हणवणारी अ‍ॅप्स काढूनच टाका. ती स्वतःच रॅम खातात आणि वर जाहिराती दाखवतात.

एखादं अ‍ॅप खरंच अडकलं, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ करा. २-३ जीबी रॅमच्या फोनवर जड अ‍ॅपऐवजी ब्राउझरमधून तीच सेवा वापरता आली तर उत्तम. आणि रॅमइतकंच स्टोरेजकडेही बघा. ते काठोकाठ भरलं की चांगला फोनही रखडतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जाऊन सुप्रभातचे व्हिडिओ आजच पुसा.