अंगणात गेलेली बालवाडी

बालकेंद्री शिक्षणात आधी मूल पाहिले जाते आणि मग शाळा बेतली जाते. मूल आपणहून कशाकडे वळते, एकाच कामात किती वेळ रमते, कुठे अडते, हे शिक्षकाने बारकाईने टिपायचे आणि साहित्य, वेळापत्रक, अगदी बसायची जागाही त्यावरून ठरवायची. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्याचे मोठे श्रेय ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे लोकांना पटवण्यात त्यांचे आयुष्य गेले. हे शास्त्र गरिबातल्या गरीब मुलापर्यंत न्यायचे तर शाळेचे रूपच पालटावे लागते, हे त्यांनी डहाणूच्या आदिवासी पाड्यांवर करून दाखवले.

या विचाराचा एक धागा इटलीत निघतो. मारिया माँटेसरी पेशाने डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. आईबाप कामावर गेले की दिवसभर जिन्यापायऱ्यांवर मोकाट असणारी ही मुले होती. माँटेसरी त्यांच्यापुढे साहित्य ठेवत आणि निरीक्षण करत. एका लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, हे त्यातले एक साहित्य. प्रत्येक दट्ट्याच्या डोक्याला बारीकशी मूठ असते. मूल ती अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरते. पुढे पेन्सिल याच तीन बोटांत येते. बारीक दट्टा रुंद खळग्यात गेला तर तो आत डुगडुगतो, आणि शेवटी हातात एक जाडा दट्टा उरतो, जो उरलेल्या खळग्यात जातच नाही. चूक झाली हे कोणी सांगावे लागत नाही. मूल सगळे दट्टे काढते आणि पुन्हा मांडते. तेच काम सलग वीस-वीस वेळा करूनही मुलाला कंटाळा येत नाही. या शिक्षणपद्धतीचा गाभा या एका ठोकळ्यात सापडतो.

भारतात हा विचार आणणाऱ्यांत गिजुभाई बधेका अग्रणी होते. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. त्यांनी माँटेसरीबाईंचे सगळेच जसेच्या तसे उचलले नाही. लहान मुलांसाठीच्या कल्पित गोष्टींबद्दल माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र लोककथा, गाणी आणि नाट्य यांना बालमंदिरात मानाचे पान दिले. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढणाऱ्या मुलांच्या देशात हा बदल अगदी योग्य होता. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे काम सोडून ताराबाई १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक ताराबाईंनी मराठीतून चालवले, आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार उभे राहिले. तिथे मुलांची शाळा होतीच, शिवाय बालशिक्षिकाही तयार होऊ लागल्या.

पण एक गोष्ट सलत होती. रोममध्ये ही पद्धत कामगारांच्या मुलांसाठी जन्मली होती; भारतात ती शहरातल्या खात्यापित्या घरांपुरती उरली. साहित्य महाग, त्याला लाकूड ठरावीक, मापे काटेकोर. खेड्यातल्या शाळेला ते परवडणे शक्य नव्हते. म्हणून वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्यासोबत आल्या. मोरगावात जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्या या कामातच राहिल्या.

बोर्डीत आधी नेहमीच्या पद्धतीची मध्यवर्ती बालवाडी निघाली. गावातली मुले येऊ लागली; वस्तीबाहेरच्या पाड्यांवरची येईनात. कारणे शोधल्यावर कळले की त्यांत मुलांचा दोष काहीच नव्हता. कडेवर धाकटे भावंड असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी त्याला टाकून शाळेत कशी येणार? अंगावर धड कपडा नाही, गावात जायची भीती, घरात सकाळी खायला असेलच असे नाही. यावर निघालेला उपाय म्हणजे अंगण बालवाडी. शिक्षिकाच पाड्यावर जायची. कोणाचे तरी सारवलेले अंगण हाच वर्ग. आधी मुलांना हाका मारून गोळा करायचे, तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. धाकटे भावंड तिथेच अंगणात खेळायचे, त्यामुळे थोरलीची सुटका व्हायची. अंघोळ आणि नखे कापणे हा शिक्षणाआधीचा सोपस्कार नव्हता. स्वतःचे शरीर स्वतः सांभाळता येणे हाच बालशिक्षणाचा पहिला पाठ, असे हे शास्त्र मानते.

साहित्यही परिसरातलेच आले. शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या. दट्ट्यांचा ठोकळा जे शिकवतो ते शिंपल्यांच्या ढिगातूनही शिकता येते: मोठ्याकडून लहानाकडे ओळ लावायची, खरखरीत वेगळे नि गुळगुळीत वेगळे करायचे, डोळे मिटून बोटांनी ओळखायचे. साहित्य बदलले, त्यामागचे तत्त्व मात्र जागचे हलले नाही. ताराबाईंचे वेगळेपण इथे दिसते. पद्धतीची पूजा न करता तिचे मर्म तेवढे त्यांनी घेतले.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. आता समोर मुख्यतः वारली आदिवासी मुले होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ इथे आकाराला आली. ताई शाळेत, तर तान्हे भाऊ पाळणाघरात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तिथे, झाडाखाली, शिक्षक पोचायचे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या पश्चात अनुताईंनी कोसबाडचे काम चालू ठेवले.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणतात आणि ताराबाईंच्या अंगण बालवाडीशी असलेले या नावाचे नाते उघड आहे. पोषण, आरोग्य आणि शिक्षण एकत्र बघण्याची दृष्टीही तीच. प्रत्यक्षात मात्र आहार, वजने, लसीकरण आणि नोंदवह्या यांतच सेविकेचा दिवस सरतो, आणि गाण्या-गोष्टींचा तास सर्वांत आधी कापला जातो. हे नुकसान नोंदवहीत दिसत नाही, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

शहरात दुखणे वेगळे आहे. तीन वर्षांच्या मुलापुढे चार रेघी वही येते आणि घरी गृहपाठ. या वयात मनगटाची हाडे पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांत जोर नसतो. कणीक मळणे, मणी ओवणे, माती थापणे, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे यांतून हात लिहिण्यासाठी तयार होतो. पालकांना मात्र हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण संध्याकाळी दाखवायला भरलेले पान नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा सलग पायाभूत स्तर मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. ताराबाई, गिजुभाई हे पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वी सांगत होते.

धोरणात घरच्या भाषेचाही आग्रह आहे, आणि पाड्यांवर हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतली सूचना पहिल्या दिवशी कळत नाही. ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला मंदपणा समजले जाते. अंगणवाडी सेविका स्थानिक असावी असा नियम आहे. ती त्याच पाड्यावरची असली की मुलाला त्याच्या बोलीत हाक मारते, गोष्ट त्याच बोलीत सांगते, आणि मग हळूहळू एकेक मराठी शब्द त्यात मिसळते.