गोठ्यांतील हगवण आणि निकामी होणारीं औषधें

पावसाचें नवें पाणी विहिरींत व ओढ्यांत उतरलें म्हणजे थोड्याच दिवसांत हगवणीची सांथ सुरू होते, हा आपणां सर्वांचा दरसालचा अनुभव आहे. घरांत मुलें आणि गोठ्यांत वासरें हीं तींत प्रथम सांपडतात. या विषयावर लिहिण्याचा अधिकार वैद्याचा अथवा पशुवैद्याचा; प्रस्तुत लेखकानें सारी उमर महसूल खात्याच्या कारकुनींत घालविली. तथापि गेल्या वर्षीं घरांत जें घडलें त्यावरून जाणत्या डॉक्टरांस विचारून व मिळेल तें वाचून जी माहिती गोळा झाली, ती शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल असें वाटल्यानें येथें देत आहें.

हकीकत अशी. आषाढांत आमच्या गाईचें नऊ दिवसांचें वासरूं पातळ हगूं लागलें. पशुवैद्याचा दवाखाना तीन कोसांवर आणि पाऊस संततधार. म्हणून बाजाराच्या गांवीं एका दुकानांतून गोळ्या आणल्या. दुकानदारानें वासराचें वय, हगवणीचा रंग, कांहींएक विचारलें नाहीं. उलट म्हणाला, "भाऊसाहेब, ह्याच गोळ्या माणसांसहि चालतात. जपून ठेवा." वासरूं तीन दिवसांत सांवरलें आणि उरलेल्या गोळ्या देवळींत राहिल्या. श्रावणांत चार वर्षांच्या नातवास रक्तमिश्रित आंव पडूं लागली, तेव्हां सूनबाईनें त्यांतल्याच दोन गोळ्या कुटून मधांतून दिल्या. मीं तें पाहिलें व अडविलें नाहीं, दोष माझा. चौथ्या दिवशीं मूल डोळे फिरवूं लागलें. तालुक्याच्या दवाखान्यांत शिरेंतून पाणी चढविलें, शौचाचा नमुना परीक्षेस गेला. पुढें जो कागद आला त्यावर औषधांची यादी व प्रत्येकापुढें एक अक्षर होतें. आम्हीं घरीं दिलेलें औषध व आणखी तीन औषधें त्या जंतूस मारण्यास असमर्थ ठरलीं होतीं. डॉक्टरांनीं लागलीच औषध बदललें आणि मूल वांचलें.

वासराचाच जंतु नातवास लागला असें मी म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं, आणि पुराव्यावांचून नोंद करूं नये ही आमच्या खात्याची शिस्त. परंतु गोठ्यांतला जंतु घरांत येऊं शकतो काय, हा प्रश्न मनांतून जाईना. तेव्हां असें कळलें कीं, या प्रश्नाचा छडा इंग्लंडांत साठ वर्षांपूर्वींच लागलेला आहे.

तिकडे दुधाच्या धंद्यांत नको असलेलीं गोऱ्हीं चार-दोन दिवसांचीं होतांच व्यापारी गोळा करीत. निरनिराळ्या गोठ्यांचीं तीं कोंवळीं वासरें उपाशीतापाशी, एकाच जागीं दाटीनें ठेवून मग दूरदूरच्या पोसणाऱ्यांस विकीत. अशा स्थितींत हगवण होणार हें ठरलेलेंच. म्हणून आधींच सरसकट प्रतिजैविकें, म्हणजे जंतुनाशक औषधें, पाजीत. १९६४ ते १९६६ च्या सुमारास या वासरांत साल्मोनेला नांवाच्या जंतूचा एक विशिष्ट प्रकार पसरला. लंडनच्या प्रयोगशाळेंतील डॉ. अँडरसन यांनीं त्याचा माग काढला. तो जंतु ॲम्पिसिलिन, टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा, फुरॅझोलिडोन या औषधांस एकामागून एक दाद देईनासा झाला होता, आणि तोच जंतु माणसांच्या शौचाच्या नमुन्यांतहि सांपडूं लागला होता. जेथून वासरें चोहोंकडे जात अशा एका व्यापाऱ्याच्या आवारापर्यंत सांथीचा माग पोंचला. पुढें सरकारनें स्वान समिति नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर १९६९ मध्यें आला. माणसांच्या व जनावरांच्या रोगावर जीं औषधें लागतात तीं केवळ वजन वाढावें म्हणून चाऱ्यांत घालूं नयेत, अशी तिची मुख्य शिफारस होती. चाऱ्यांत औषध मिसळण्याची ही प्रथा १९५० पासून अमेरिकेंतून पसरली होती; टेट्रासायक्लिनच्या जातीच्या औषधाचा थोडा अंश पोटांत गेला तर कोंबड्या लवकर वाढतात असें तेथें आढळलें होतें. युरोपांत ती पुरती बंद होण्यास १ जानेवारी २००६ उजाडावी लागली.

औषध जंतूस शिकवीत नाहीं, हें येथें ध्यानांत घ्यावें. कापसावर एकच औषध वर्षानुवर्ष फवारलें म्हणजे अळी मरेनाशी होते, हें आपण पाहतों. लाखों अळ्यांत चार-दोन मुळांतच चिवट असतात. बाकीच्या मेल्या कीं रान त्यांचेंच. जंतूंतहि हेंच घडतें. कोणी औषधाचे तुकडे करणारा रस स्रवतो, कोणी आंत आलेलें औषध पुन्हां बाहेर ढकलतो, कोणाच्या शरीरांत औषधानें जेथें धरावें ती जागाच पालटलेली असते. मात्र जंतूंपाशीं याहून एक मोठी युक्ति आहे, आणि ती जपानांत उघडकीस आली.

आमांशाचा जंतु प्रथम ओळखला तो कियोशी शिगा या जपानी वैद्यानें, १८९७ च्या सांथींत. त्याच्याच नांवावरून त्यास शिगेला म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत आमांशावर सल्फा औषध सर्रास वापरलें गेलें आणि थोड्याच वर्षांत तें बहुतेक निरुपयोगी झालें. मग नवीं औषधें आलीं. तों १९५५ पासून एकदम तीन-चार औषधांस न जुमानणारे शिगेला सांपडूं लागले. चार निरनिराळे गुण एकाच वेळीं कोठून आले, हें कोडें होतें. १९५९ मध्यें ओचिआई व आकिबा या संशोधकांनीं दाखविलें कीं, आपल्या आंतड्यांत नेहमीं राहणारा ई. कोलाय नांवाचा साधा जंतु शिगेलाजवळ नुसता ठेवला तरी त्याची सर्व प्रतिकारशक्ति शिगेलाकडे जाते. ही शक्ति प्लास्मिड नांवाच्या एका सूक्ष्म कड्यावर लिहिलेली असते. जमिनीचा वारसा बापाकडून मुलाकडे जातो व तशी फेरफारास नोंद पडते. जंतूंत तें आहेच. पण येथें कोणीहि परका येऊन उताऱ्याची नक्कल घेऊन जातो आणि मूळ कागद देणाऱ्यापाशीं तसाच राहतो. अर्ज नाहीं, फी नाहीं, खेटे नाहींत! म्हणून निरुपद्रवी जंतूंच्या पोटीं सांठलेली ही शक्तिहि आपणांस घातक आहे. घातक जंतु आला कीं ती त्याच्या हातीं पडते.

अशी शक्ति कोंबडीच्या खुराड्यांतून माणसाच्या पोटांत किती दिवसांत येते, हें अमेरिकेंतील स्ट्युअर्ट लेव्ही यांनीं मॅसॅच्युसेट्समधील एका शेतकरी कुटुंबाच्या वाडीवर तपासून पाहिलें व १९७६ मध्यें प्रसिद्ध केलें. तीनशें पिलांपैकीं निम्म्यांस टेट्रासायक्लिन मिसळलेलें खाद्य व निम्म्यांस साधें खाद्य दिलें. आठवड्याच्या आंत औषध खाणाऱ्या पिलांच्या आंतड्यांतील जवळजवळ सर्व जंतु त्या औषधास दाद देईनासे झाले. पांच-सहा महिन्यांनीं वाडीवरील माणसांच्या शौचाच्या शेंकडा ३१.३ नमुन्यांत पंचाऐंशी नव्हे पण ऐंशीहून अधिक टक्के जंतु तसेच निघाले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हें प्रमाण शेंकडा ६.८ होतें. त्या कुटुंबानें स्वतः एक गोळीहि घेण्याची गरज पडली नाहीं. नुसतें झाडलोट करणें, खाद्य घालणें, हात लावणें एवढें पुरेसें झालें.

आपल्या देशाचा संबंध दूर नाहीं. कोलिस्टिन हें जुनें औषध मूत्रपिंडास अपायकारक म्हणून माणसांच्या वापरांतून मागें पडलें होतें. इतर औषधें थकल्यावर डॉक्टरांनीं शेवटचा उपाय म्हणून तें पुन्हां हातीं घेतलें. तिकडे कोंबड्यांस व डुकरांस मात्र तें चालूंच होतें. नोव्हेंबर २०१५ मध्यें चीनमधील संशोधकांनीं कोलिस्टिनला निकामी करणारा गुणहि प्लास्मिडवरून पसरत असल्याचें जाहीर केलें. भारत सरकारनें जुलै २०१९ मध्यें अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांकरितां त्याचें उत्पादन, विक्री व वांटप बंद केलें.

आतां सर्वांत विचित्र गोष्ट अशी कीं, बहुतेक हगवणींत या औषधांची गरजच नसते. वासरांची पुष्कळशी हगवण विषाणूंमुळें किंवा अतिसूक्ष्म परोपजीवींमुळें होते आणि त्यांवर प्रतिजैविकांचा कांहीं उपयोग होत नाहीं. आमचें वासरूं गोळ्यांनीं बरें झालें कीं आपोआप, हें मला आज सांगतां येणार नाहीं. जीव जातो तो शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें. १९७१ सालीं बांगला देशच्या निर्वासितांत पटकी पसरली असतां बंगालमधील बनगांव येथें शिरेंतून द्यावयाचें पाणी संपलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांकडून रोग्यांस पाजविलें. शेंकडा तीसच्या घरांत असलेला मृत्यु शेंकडा ३.६ वर आला. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा), एवढीच ती सामग्री घरीं पुरते. रक्त पडत असेल, ताप चढला असेल, मूल सुस्त पडलें असेल तर मात्र विलंब न करतां दवाखाना गांठावा. तेथें डॉक्टरांनीं प्रतिजैविक दिलें तर तें सांगितलेल्या मापानें व सांगितलेले दिवस घ्यावें. उरवून देवळींत ठेवूं नये.

वासराचीहि हीच तऱ्हा. पशुवैद्याकडील क्षारांची पूड पाण्यांत कालवून पाजावी. दूध अजिबात तोडूं नये, थोडें थोडें पाजून मधल्या वेळांत क्षारपाणी द्यावें. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं जार पडेपर्यंत वासरास चीक पाजीत नाहींत, ही चाल मला फार हानिकारक वाटूं लागली आहे. चिकांतील रोगनिवारक शक्ति आंतड्यांतून रक्तांत शिरण्याची वाट जन्मानंतर तासातासानें बंद होत जाते व एका दिवसांत मिटते. वासराच्या वजनाच्या दशांश चीक, आणि त्यांतलाहि मोठा भाग पहिल्या दोन तासांत, पोटांत गेला पाहिजे. हगवण लागलेलें वासरूं निराळें बांधावें, त्याची सेवा सर्वांच्या शेवटीं करावी व साबणानें हात धुतल्याखेरीज चुलीपाशीं जाऊं नये. उकिरडा विहिरीच्या चढावर असेल तर तो पावसाळ्यापूर्वीं हलवावा. आमचा तसाच होता, यंदा वैशाखांत हलविला.

शिवाय एका जुन्या वहींत रकाने आंखून ती गोठ्याच्या खुंटीस अडकविली आहे: तारीख, जनावर, लक्षण, औषध कोणी सांगितलें, किती दिवस दिलें, दूध किती दिवस घरांत व डेअरींत घातलें नाहीं. हा शेवटचा आंकडा औषधाच्या वेष्टनावर छापलेला असतो किंवा पशुवैद्य सांगतात. संघाच्या सभासदांपैकीं कोणास रकान्यांचा नमुना पाहिजे असल्यास मासिक सभेच्या दिवशीं मी वही घेऊन येईन.